पितळेच्या प्रावस्था आणि संगणकीय गणित

भंडारा शहर पितळी भांड्यांकरिता पूर्वापार प्रसिद्ध आहे. भांडे घडविताना पत्रा हातोड्याखाली तडकला, तर दोष कारागिराच्या हाताचा की मिश्रधातूच्या घडणीचा, हा प्रश्न धातुविज्ञानाच्या दृष्टीने मूलभूत होय.

तांब्यात जस्त विरघळले म्हणजे प्रथम आल्फा नामक घन विद्राव तयार होतो. त्याची स्फटिकरचना तांब्यासारखीच असून तो थंड स्थितीतही सहज ठोकता येतो. जस्ताचे प्रमाण बरेच वाढले की निराळ्या रचनेची बीटा प्रावस्था प्रकट होते. ती तापविली असता मऊ, परंतु थंड असता कठीण असते. म्हणूनच ७०:३० पितळ थंड घडाईस, तर ६०:४० पितळ तप्त घडाईस योग्य ठरते.

ह्या प्रावस्थांचे प्रमाण गणिताने काढता येते. प्रत्येक प्रावस्थेची गिब्ज मुक्त ऊर्जा तापमान व घटकप्रमाण यांच्या रूपाने मांडावयाची आणि एकूण ऊर्जा किमान ठरेल अशी वाटणी शोधावयाची, हे त्यातील तत्त्व. कॉफमन व बर्नस्टाइन यांच्या १९७० मधील ग्रंथाने ह्या संगणकीय पद्धतीचा पाया घातला. आज ती कॅल्फॅड या नावाने ओळखली जाते.

उदाहरणार्थ, ४५५° सें.च्या सुमारास आल्फात जास्तीत जास्त ३९ टक्के जस्त मावते. तिच्याशी समतोल असलेल्या बीटात ते सुमारे ४५ टक्के असते. जस्त ४० टक्के असल्यास तरफेच्या नियमानुसार आल्फाचे प्रमाण (४५−४०)÷(४५−३९), म्हणजे सुमारे ८३ टक्के येते. जस्त ४२ टक्के असल्यास ते अवघे ५० टक्के उरते. अवघ्या दोन टक्क्यांच्या फरकाने धातूचा स्वभाव पालटतो. निरनिराळी मोड एकत्र वितळविताना असा फरक सहज पडतो. शिवाय जस्त ९०७° सें.ला उकळत असल्याने त्याचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो.

तथापि हे गणित समतोल अवस्थेचे आहे. धातू वेगाने निवविल्यास आल्फाला वाढण्यास अवधी मिळत नाही व बीटा अधिक उरते. त्याकरिता कोल्मोगोरोव्ह, जॉन्सन-मेल व अव्रामी यांनी १९३७ ते १९४१ या काळात मांडलेल्या बीजनिर्मिती व वाढीच्या समीकरणांची जोड द्यावी लागते.

प्रावस्था योग्य असूनही पितळ तडकू शकते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजेच्या काडतुसांची पितळी टरफले पावसाळ्यात फुटत. घडाईत उरलेला ताण आणि दमट हवेतील अमोनिया यांचा तो संयुक्त परिणाम होता, असे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. मंद तापाच्या अनुशीतनाने तो ताण घालविता येतो. सारांश, संगणक योग्य मिश्रण व तापमान सुचवितो. पुढील प्रक्रियेची चिकित्सा मात्र भट्टीपाशीच करावी लागते.