दोन सह्यांचा कायदा

न्यूझीलंडमध्ये मार्च 2020 पर्यंत गर्भपात हा फौजदारी कायद्याचा विषय होता. तरीही तिथे वर्षाला सुमारे 13 हजार गर्भपात होत, तेही उघडपणे, परवानाधारक रुग्णालयांत. गुन्हा आणि सरकारी सेवा या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदत होत्या?

1961 च्या कायद्याने गर्भपात गुन्हा ठरवला होता. 1977 च्या कायद्याने त्यात अपवादाची एक वाट ठेवली. बाईने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं. तिथून चिठ्ठी, रक्ततपासणी, सोनोग्राफी. मग सरकारी समितीने नेमलेल्या दोन डॉक्टरांनी सह्या करून मान्यता द्यायची. कारणं मोजकीच चालत: जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर धोका, जवळच्या नात्यातला संबंध, गर्भात गंभीर व्यंग. बलात्कार हे स्वतंत्र कारण नव्हतं. डॉक्टरांना तो विचारात घेता येईल, एवढंच कायदा म्हणे.

त्यामुळे दहातल्या नऊहून अधिक अर्जांवर ‘मानसिक आरोग्याला धोका’ हेच कारण पडे. पूर्ण विचारांती निर्णय घेतलेल्या, ठणठणीत मनाच्या बाईला तिचं मन धोक्यात असल्याचं कागदावर लिहून घ्यावं लागे. माझ्या मते, या कायद्याचा सगळ्यात मोठा अन्याय हाच होता. दिरंगाई त्यानंतरची.

ती दिरंगाईही साधी नव्हती. सुरुवातीच्या आठवड्यांत औषधांनी गर्भपात होतो: आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. पण दोन्ही गोळ्या परवाना असलेल्या जागीच घ्यायच्या, असा नियम होता. म्हणजे गोळी गिळण्यापुरत्या दोन खेपा. दक्षिण बेटाच्या वेस्ट कोस्टवरून डोंगररांग ओलांडून क्राइस्टचर्चला जाणाऱ्या बाईने रजा, मुलांची सोय आणि प्रवासखर्च कसा जमवला असेल, याचा अंदाज आपल्याकडच्या दुर्गम तालुक्यातल्या कुणालाही येईल.

2018 मध्ये तिथल्या विधी आयोगाने सरकारपुढे तीन पर्याय ठेवले. त्यावरून आलेल्या विधेयकावर खासदारांनी पक्षादेशाविना, स्वतःच्या सदसद्विवेकाने मत दिलं. 18 मार्च 2020 रोजी ते 68 विरुद्ध 51 मतांनी मंजूर झालं. विरोधामागे धर्मश्रद्धा होती, तशीच व्यंग असलेल्या गर्भांबद्दलची काळजीही होती. ती काळजी मला हलकी वाटत नाही.

आता 20 आठवड्यांपर्यंत कारण सांगावं लागत नाही आणि दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही; बाई थेट सेवा देणाऱ्याकडे जाऊ शकते. योग्य प्रशिक्षण असलेल्या परिचारिका आणि सुईणीही ही सेवा देऊ शकतात. 20 आठवड्यांनंतर मात्र गर्भपात वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे का, हे आरोग्यसेवकाने ठरवायचं आणि त्याआधी किमान एका सहकाऱ्याचा सल्ला घ्यायचा. समुपदेशन उपलब्ध असतं, पण सक्तीचं नाही. 2022 पासून राष्ट्रीय दूरध्वनी सेवेमार्फत सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गोळ्या घरपोचही मिळू लागल्या.

भारतात 1971 च्या कायद्याची घडण अजून त्या जुन्या पद्धतीची आहे: 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं. न्यूझीलंडच्या नव्या कायद्यातलं एक कलम मात्र मराठी वाचकाने मुद्दाम पाहावं. केवळ लिंगनिवडीसाठी होणाऱ्या गर्भपाताला संसदेचा विरोध असल्याचं त्यात नोंदवलं आहे. महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा करून बंधन घातलं ते गर्भलिंगतपासणीवर. तिथे संसदेने आपली भूमिका सांगितली, इथे कायद्याने तपासणीचं यंत्रच धरलं.

श्रद्धेमुळे ज्या डॉक्टरला गर्भपातात भाग घ्यायचा नाही, त्याला न्यूझीलंडमध्ये तशी मुभा आहे. पण त्याने ते बाईला लगेच सांगायचं आणि सर्वांत जवळच्या सेवेचा संपर्क कसा मिळेल हेही कळवायचं. गर्भपात सेवा देणाऱ्या केंद्रांभोवती 150 मीटरपर्यंत सुरक्षित क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद 2022 मध्ये आली. त्या टापूत बाईला अडवणं किंवा गर्भपातापासून परावृत्त करू पाहणं गुन्हा आहे.