खाटेचा कठडा तांब्याचा असेल तर...

अतिदक्षता विभागात खाटेचा कठडा दिवसभर हाताळला जातो: परिचारिका, डॉक्टर, नातेवाईक आणि स्वतः रुग्ण. स्टीलचा कठडा स्वच्छ दिसतो, पण औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू कोरड्या स्टीलवर कित्येक दिवस जिवंत राहतात. तांब्यावर मात्र त्यांचा निभाव लागत नाही. धातूतून सुटणारे आयन जिवाणूचे आवरण फाडतात, आत शिरून प्रथिने आणि डीएनएचा नाश करतात. दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरतात, असा दावा करण्यास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना मान्यता दिली.

पण जिवाणू कमी म्हणजे आजार कमी, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत काही खोल्यांमधील कठडे, सलाइनचे स्टँड, जेवणाची टेबले अशा वस्तू तांब्याच्या केल्या गेल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या खोल्यांत रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढचे सगळे अभ्यास इतके ठाम नाहीत, आणि खर्चही मोठा. तरीही नव्या अतिदक्षता विभागात निदान कठडे तरी तांब्याचे असावेत, असे मला वाटते.

साफसफाईला मात्र पर्याय नाही. धूळ-घाम साचला की तांब्याचाही प्रभाव घटतो. जंतुनाशक लावून लगेच कोरडे पुसणे तर जवळजवळ व्यर्थच; बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. रुग्णाला भेटायला जाल तेव्हा कठड्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा.