एकवीरा आईचा डोंगर आणि भायिलाचं नाव

भोर-वेल्ह्यातल्या आपल्या बायकांना डोंगरावरची देवी नवी नाही. तोरण्यावर मेंगाई आहे, राजगडावर पद्मावती आहे. आज आम्ही सांगणार आहोत आपल्याच जिल्ह्यातल्या कार्ल्याच्या एकवीरा आईबद्दल. मावळातल्या या डोंगरावर तिचं देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे.

कोळी, आगरी आणि आणखी कितीतरी घरांची ही कुलदेवता. परशुरामाची आई रेणुका ती हीच, असं भाविक मानतात. चैत्रात यात्रा भरते, सप्तमीला आईची पालखी निघते.

देवळाची कथा अशी सांगतात. वनवासात पांडव इथं आले. देवी म्हणाली, "एका रात्रीत माझं देऊळ बांधा." त्यांनी उजाडायच्या आत बांधलं. आई प्रसन्न झाली आणि वर दिला, की अज्ञातवासात तुम्हाला कुणी ओळखणार नाही.

शेजारचं लेणं मात्र वेगळी हकिकत सांगतं. हे बौद्ध चैत्यगृह सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं. लांबी 124 फूट, आणि छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत. हे काम एका रात्रीचं नाही आणि एकट्याचंही नाही. कुणी एक खांब दिला, कुणी कोरीव काम करून घेतलं आणि तिथंच आपलं नाव ब्राह्मी अक्षरांत कोरवलं. या देणगीदारांत बायकाही आहेत. एक आहे भिक्षुणी. दुसरी भायिला, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई. दान तिचं, म्हणून नावही तिचं.

मैत्रिणींनो, थोडंथोडं घालून मोठं काम उभं करणं आपल्या बचत गटांना ठाऊक आहे. गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गटातल्या बायकाही वर्गणी देतात. पण पावती कुणाच्या नावानं फाडली जाते? पाटीवर बायकांची नावं किती असतात? एकदा मोजून पाहा.

पांडवांची कथा आपण लेकरांना सांगत राहूच, ती गोडच आहे. पण पुढच्या वेळी वर्गणी देताना पावतीवर स्वतःचं नाव घालायला सांगा. भायिलानं ते दगडात ठेवलं, म्हणून आज आपल्याला तिचं नाव घेता आलं.