भाजलेली माती, मेथीच्या गाठी

मेथी आणि पर्जन्यवृक्ष एकाच कुळातले आहेत, हे कॉलेजात असताना एका जुन्या वनस्पतिकोशात वाचलं होतं. तेव्हापासून हे नातं डोक्यातून जात नाही. एक महिन्याभरात मुळासकट उपटून जुडीत बांधली जाते. दुसरा शंभर वर्षं रस्त्यावर सावली धरून उभा राहतो. पण शेंगा पाहिल्या की कूळ कळतं. मेथीची शेंग बारीक, लांब चोचीची आणि किंचित वाकडी, तर पर्जन्यवृक्षाची जाड, चपटी, आत गोड चिकट गर असलेली. शेळ्या-गुरं ती आवडीने खातात.

दोघांच्या गरजा मात्र टोकाच्या वेगळ्या. मेथीला थंडी, ऊन आणि निचऱ्याची जमीन मिळाली की झालं. हेक्टरी वीस-पंचवीस किलो बी पेरायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी अंकुर दिसतात आणि महिनाभरात भाजी काढणीला येते. कसुरी मेथी ही वेगळी जात. तिचं बी बारीक, वाढ सावकाश आणि खुडे अनेक. पर्जन्यवृक्षाला जागा लागते, तीही आडवी. उंची पंचवीस मीटर असली तर घेर तीस मीटरच्या पुढे सहज जातो. अंधार पडू लागला, आभाळ भरून आलं की त्याची पानं मिटतात, त्यामुळे रात्रीचं दव आणि पाऊस थेट खालच्या गवतावर पडतो. थायलंडमध्ये या झाडावर लाखेचे किडे पोसतात. लाकूड कोरीव कामाला चांगलं. आपण त्याचा उपयोग केला तो गाड्या लावण्यासाठी.

समुद्रमेथीला तर साध्या मेथीहूनही कमी लागतं. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या रेतीत दाट पेरलेली ही मेथी जेमतेम वीतभर होण्याआधीच उपटतात आणि पांढऱ्या मुळांसकट इवल्या जुड्या बांधतात. चार पाण्यांतून धुतली तरी दाताखाली वाळू कचकन लागतेच. लसूण-मिरचीवर नुसती परतली तरी पुरे. बीमध्येच भरून आलेल्या शिदोरीवर ती तेवढे दिवस काढते, म्हणून रेतीत खत आहे की नाही याची तिला फिकीर नसते.

शिदोरी संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर युरोपात पन्नास वर्षं भांडण चाललं. माझा बराचसा वेळ त्या भांडणातच गेला. त्याआधी मात्र एक झाड पाहून घेऊ.

१८०० साली अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट व्हेनेझुएलातल्या अराग्वा खोऱ्यात गेला. तिथल्या ग्वेरे गावाजवळच्या एका पर्जन्यवृक्षाची मापं त्याने लिहून ठेवली आहेत: खोड साठ फूट उंच, नऊ फूट जाड आणि माथ्याचा परीघ ५७६ फूट, म्हणजे व्यास १८० फुटांच्या घरात. स्पॅनिश लोक पहिल्यांदा आले तेव्हाही झाड जवळजवळ असंच होतं, असं तो लिहितो. पुढे त्याने जे नोंदवलं ते मला मापांहून मोलाचं वाटतं. एका शेतकऱ्याने या झाडाची फांदी तोडली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल शेतकऱ्याच्या विरुद्ध लागला. आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा झाला १९७५ साली, आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणायला २०२१ उजाडलं.  

हम्बोल्टच्या शिफारशीवर १८२२ मध्ये एक तरुण फ्रेंच खाण-अभियंता त्याच मुलखात उतरला, जाँ-बातिस्त बूसँगो. त्या खोऱ्यातल्या व्हॅलेन्सिया सरोवराचं पाणी का ओसरतंय, याचाही त्याने अभ्यास केला. दहा वर्षांनी तो मायदेशी परतला आणि अल्सासमधल्या शेतावर तराजू घेऊन बसला. जमिनीत गेलेला प्रत्येक घटक आणि पिकातून निघालेला प्रत्येक घटक तोलायचा, हा त्याचा खाक्या. १८३८ च्या सुमारास त्याने भाजलेल्या रेतीत रोपं वाढवली. गहू आणि ओट यांचा नायट्रोजन वाढला नाही, तांबडा घास (क्लोव्हर) आणि वाटाणा यांचा मात्र वाढला. रेतीत तर काही नव्हतं. मग तो आला कुठून? हवेतून, असं म्हणायला हवं होतं, पण बूसँगो सावध माणूस. त्याने निष्कर्ष अर्धवट सोडला.

१८५० च्या दशकात जॉर्ज व्हिल नावाचा दुसरा फ्रेंच रसायनतज्ज्ञ ठासून सांगू लागला की वनस्पती हवेतला नायट्रोजन घेतात, आणि तेही सगळ्याच. बूसँगोने आता काचेच्या बंद भांड्यांत प्रयोग केले. या वेळी घेवड्यालाही हवेतून काही मिळेना. त्याने स्वतःचंच जुनं निरीक्षण मागे घेतलं. विज्ञान अकादमीने समिती नेमली आणि तिचा कौल व्हिलकडे झुकला. यात राजकारणाचाही वास आहे. बूसँगो प्रजासत्ताकवादी, १८५१ मध्ये राजकीय मतांपायी त्याची प्राध्यापकी गेली आणि सहकाऱ्यांनी राजीनाम्याची भाषा केल्यावर परत मिळाली. व्हिलला तिसऱ्या नेपोलियनचा आश्रय, व्हँसेनला प्रयोगाचं शेतही मिळालेलं. एकाचं म्हणणं ढोबळमानाने खरं, पण प्रयोग कच्चे. दुसऱ्याचे प्रयोग पक्के आणि उत्तर चूक. मला बूसँगोचीच बाजू घ्यावीशी वाटते.

निवाडा करायला पुढे आले इंग्लंडच्या रोदॅमस्टेड शेती-संशोधन केंद्राचे लॉझ आणि गिल्बर्ट. त्यांनी हाताशी घेतला इव्हान प्यू. पेनसिल्व्हानियाच्या शेतकरी घरातला हा अमेरिकन जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आला होता. १८५७-५८ मध्ये त्याने जे केलं त्याला तोड नाही. माती लाल होईस्तोवर भाजली. रोपं काचेच्या घुमटाखाली ठेवली. आत सोडायची हवा आधी आम्लातून धुतली, कारण अमोनियाचा अंशही जाता कामा नये. गहू, बार्ली, घेवडा, घास सगळे त्यात वाढवले, म्हणजे खुरटवले. शेंगवर्गीय रोपंही इतरांइतकीच उपाशी राहिली. १८६१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लांबलचक निबंध आला आणि प्रकरण मिटलं: वनस्पती हवेतला नायट्रोजन घेत नाहीत.

प्रयोगात खोट काढायला जागाच नव्हती. खोट होती ती स्वच्छतेतच. ज्या जिवाणूंमुळे हवेतला नायट्रोजन रोपाला मिळतो, तेच प्यूने माती भाजताना मारून टाकले होते. बूसँगोच्या १८३८ च्या प्रयोगात ते बहुधा धुळीबरोबर येऊन पडले असावेत. गबाळेपणाचा असा फायदा विज्ञानात क्वचितच होतो.

प्यू अमेरिकेला परतला. पुढे ज्याचं पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठ झालं त्या शेतकी विद्यालयाचा तो पहिला अध्यक्ष. १८६४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आपला निकाल उलटणार आहे हे त्याला कळलं नाही. ते घडलं १८८६ मध्ये बर्लिनला. साखर-बीटवर संशोधन करणाऱ्या बर्नबुर्गच्या केंद्रातल्या हेर्मान हेलरीगेलने विल्फार्थच्या साथीने दाखवून दिलं, की निर्जंतुक रेतीतला वाटाणा उपाशी मरतो, पण शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की पुन्हा तरारतो. मुळांवर गाठी धरतात आणि नायट्रोजन तिथून येतो. दोन वर्षांनी बायरिंकने गाठींतले जिवाणू वेगळे काढले. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी म्हातारपणी प्रयोग पुन्हा केले आणि जाहीरपणे मान्य केलं. बूसँगो १८८७ मध्ये वारला.

शेतातून नुकतीच उपटलेली, फुलोऱ्याकडे झुकलेली मेथी मिळाली तर मुळं हलक्या हाताने धुऊन पाहा. साबुदाण्याहून लहान गाठी दिसतील. एक नखाने फोडली की आत गुलाबी रंग. तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा, आणि त्याचं काम ऑक्सिजन आवरून धरण्याचं. पर्जन्यवृक्षाच्या मुळांवरही गाठी धरतात. बाजारातल्या जुडीत मात्र त्या शोधून सापडायच्या नाहीत. एक तर भाजी महिन्याच्या आत निघते. दुसरं म्हणजे युरिया. आयता नायट्रोजन मिळाला की रोप गाठी पोसायच्या फंदात पडत नाही. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठींतले हेच जिवाणू, चोळा हा कृषी खात्याचा सल्ला आणि वर युरियाची मूठ, या दोन्ही गोष्टी एकाच शेतात सुखाने नांदतात. नारायणगावला मेथीचा भाव शेकड्यावर ठरतो. तो कोसळला की जुड्या रस्त्यावर फेकल्या जातात किंवा शेतात मेंढरं सोडली जातात. हिशेब युरियाचाच होतो, गाठींचा कोणी करत नाही.

पर्जन्यवृक्षाचे हाल वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इकडे आला आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रुजला. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत मिलीबगने शेकडो झाडं वाळवली. दोष किडीला दिला गेला. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेल्या, पावसाळ्यापूर्वी एका बाजूने सोलून काढलेल्या झाडाला कीड लागायला निमित्तच पुरतं, असं माझं मत. त्याचा नायट्रोजनयुक्त पाला रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत भरला जातो, म्हणजे झाडाने कमावलेलं झाडाच्या मुळाशी राहतच नाही.

पुण्यातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांनी यातला थोडा पाला वळवून घेतला आहे. या पानांच्या पर्णिका लहान, कुटायची गरज नाही आणि लवकर कुजतात. दिवाळीनंतर अशा पाल्याने निम्मी भरलेली पसरट कुंडी घ्या, वर चार बोटं माती टाका आणि मसाल्याच्या डब्यातली मेथी दाट पेरा. माती भाजू नका. युरियाचा दाणाही नको. निम्मी मेथी भाजीला उपटा आणि उरलेली शेंगा धरेपर्यंत ठेवा. गाठी बघायच्या असतील तर एवढा धीर धरावा लागतो.