तळे बागेतले, बांध मात्र धरणाचा

शहाड स्थानक सोडल्यावर गाडी उल्हास नदीचा पूल ओलांडते आणि आंबिवलीला थांबते. तेथून निघाली की टिटवाळ्याच्या अलीकडे काळू नदीचा पूल लागतो. दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या वस्तीला पाण्याचे दर्शन दुर्मीळ नाही. पण संध्याकाळी मुलाबाळांसह पाण्याकाठी निवांत बसावे, तर तशी जागा मात्र नाही. त्यासाठी लोक कल्याणच्या काळ्या तलावावर जातात, सणासुदीला ठाण्याची तलावपाळी गाठतात. आंबिवलीतही एखादी चांगली बाग व्हावी, त्या बागेत ओढा अडवून लहानसे तळे व्हावे, होड्या फिराव्यात, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखकाचीही तीच इच्छा आहे. तथापि असे तळे मागताना आपण नेमके काय मागत आहोत, याचा थोडा विचार आधी व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

बांध पाहावयाला आम्हाला लांब जावे लागत नाही. मोहने येथे उल्हास नदीवर बंधारा आहे. त्याने अडविलेल्या पाण्यावर कल्याण-डोंबिवलीच्या लाखो नळांचा संसार चालतो. भर उन्हाळ्यातही ही नदी वाहती राहते ती निव्वळ निसर्गाच्या कृपेने नव्हे. टाटांच्या भिवपुरीच्या वीजगृहातून सोडलेले आणि बारवी धरणातून आलेले पाणी तिच्यात मिसळते म्हणून. या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णी माजली की वर्तमानपत्रांत बातमी येते, नागरिक आवाज उठवितात, प्रशासनाला धावपळ करावी लागते. कारण उघड आहे. उद्या सकाळी घरातल्या हंड्यात काय पडणार, हा तो प्रश्न असतो. ज्याचे पाणी आपण पितो त्या बांधाकडे कोणी ना कोणी पाहत असतो.

बागेतल्या तळ्याचे तसे नाही. महाराष्ट्रातील पुष्कळशी करमणुकीची तळी मुळात करमणुकीसाठी झालेलीच नाहीत. पवईचे तळे 1890 च्या सुमारास मुंबईच्या पाणीटंचाईवर तातडीचा उपाय म्हणून बांधले गेले. पाणी पिण्यायोग्य न ठरल्याने ते मागे पडले. नागपूरचे अंबाझरी 1870 मध्ये शहराला पाणी पुरविण्यासाठी झाले. पुढे गोरेवाडा, कन्हान, पेंच असे मोठे स्रोत येत गेले, तशी अंबाझरीची गरज ओसरली आणि 1958 मध्ये तेथे उद्यान झाले. नळ दुसरीकडे गेला की तळे शोभेचे होते. शोभेचे झाले की पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याची त्याच्यावरची नजर हटते आणि ते उद्यान अधीक्षकाच्या ताब्यात येते. उद्यान अधीक्षक फुलझाडांत कितीही वाकबगार असला, तरी मातीच्या बांधाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी गढूळ का झाले, हे ओळखण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

मातीच्या बांधाचे शास्त्र सामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहे. दगडी वा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहून गेले तर बहुधा काही बिघडत नाही. मोहन्याला पावसाळ्यात ते वाहतेच. मातीच्या बांधाला मात्र माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. पाणी बाहेरच्या उतारावरून धावू लागले की माती खरवडत माथ्यापर्यंत येते आणि काही तासांत बांधाला खिंडार पडते. म्हणून बाजूला, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर, सांडवा ठेवलेला असतो. जादा पाण्याने त्या वाटेने जावे आणि बांध कोरडा राहावा, एवढीच ही योजना. बांध कितीही रुंद असो, सांडवा बुजला की त्याचे आयुष्य त्या वर्षीच्या पावसाच्या हवाली झाले असे समजावे.

या एका गोष्टीचा विसर पडला तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क येथे कालव्यासाठी बांधलेले एक मातीचे धरण होते. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला. धरणाच्या तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या एका मालकाने काढून मोडीत विकले. 1879 मध्ये मासेमारी आणि शिकारीची हौस असणाऱ्या श्रीमंतांच्या क्लबाने ती जागा घेतली. अँड्र्यू कार्नेगींसारखे धनिक त्याचे सभासद होते. क्लबाने नळ पुन्हा बसविले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा थोडा उतरवून रुंद केला. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. यांतली एकही गोष्ट दुष्टपणाने केलेली नव्हती; सगळ्या रविवारच्या सुखासाठी होत्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागले, धरण फुटले आणि खालच्या बाजूच्या जॉन्सटाउन गावात 2,200 हून अधिक माणसे मेली. खाली राहणारे बहुतेक पोलाद कारखान्यातले कामगार होते. त्यांनी त्या तळ्यात कधी होडी वल्हविली नव्हती.

अमेरिकेची गोष्ट दूरची वाटत असेल तर नागपूरला यावे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अवघ्या चार तासांत तेथे शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी भरून वाहू लागले आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतील हजारो घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. काहींचे प्राण गेले. सुदैवाने बांध फुटला नाही. पण नंतर जी चर्चा झाली ती याच मुद्द्यांभोवती फिरली: सांडव्याच्या समोर उभारलेले विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येते काय, बांधावर वाढलेल्या झाडांच्या मुळांनी तो पोकळ होतो काय, पुढे नदीचे पात्र कोणी अरुंद केले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. स्मारकाविषयी कोणाला अनादर नाही. पण पुतळ्याला जागा निवडताना तळ्याच्या काठावरून दृश्य कसे दिसेल हे पाहिले गेले आणि तळ्याचे पाणी कोठून जाईल हे पाहिले गेले नाही, अशी शंका घेण्यास जागा राहते. पवईलाही काठालगत सायकलमार्ग करण्याचे घाटत होते. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले तेव्हा ते थांबले.

बांधांवर देखरेख ठेवण्यासाठी कायदा नाही काय, असे कोणी विचारील. आहे. 2021 मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा संमत केला. पण तो 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना, त्यांची लांबी, साठा वा पुराचा विसर्ग ठरावीक मर्यादेपर्यंत पोचत असेल तर. त्याहून लहान बांध कायद्याच्या दृष्टीने धरणच नव्हे. बागेतले तळे बहुधा याच गटात मोडते. मोठ्या धरणांना कायदा आहे म्हणून तेथे सारे आलबेल असते, असाही याचा अर्थ नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण जुलै 2019 मध्ये फुटले, त्याआधी ग्रामस्थांनी गळतीची तक्रार केलेली होती. आणि दुर्घटनेनंतर जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. खेकडे बांधात बिळे करतात हे खरेच आहे. ती बिळे बुजविण्यासाठीच तर माणूस नेमावयाचा असतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तळे बांधले जाते तेव्हा त्याच्या वरचा मुलूख माळ असतो, शेत असते. पाऊस बराचसा जमिनीत मुरतो. पुढे तेथे इमारती, डांबरी रस्ते, फरसबंद अंगणे होतात आणि तोच पाऊस पूर्वीपेक्षा किती तरी जास्त पाणी, किती तरी लवकर तळ्यात आणून टाकतो. सांडवा मात्र जुन्या हिशेबाचाच राहतो. आमच्या भागात, वडवली आणि आटाळीच्या शिवारात, उंच इमारती कशा उभ्या राहत आहेत हे गाडीच्या खिडकीतूनही दिसते. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 या दोन तारखा उल्हास खोऱ्यातील माणसाला पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून पडली होती. अशा खोऱ्यात नवे तळे करावयाचे तर गेल्या शतकातल्या पावसाची सरासरी धरून भागणार नाही.

म्हणजे तळे करूच नये काय? तसे मुळीच नाही. दिवसभर लोकलमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाला घटकाभर पाणी पाहावयाला मिळणे ही चैन नव्हे. मात्र उद्यानाच्या अंदाजपत्रकात कारंज्याच्या शेजारी सांडव्याच्या साफसफाईची रक्कम दरवर्षी असावी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अभियंत्याने बांध पायी फिरून पाहावा आणि त्याची नोंद वहीत करावी. तळ्याकाठी जो फलक लावावयाचा, त्यावर उद्घाटकांच्या नावांखाली बांधाची उंची, साठा, सांडव्याची पातळी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. शाळेची सहल तेथे आली तर शिक्षकांना मुलांस दाखवावयाला होडीखेरीज काही तरी मिळेल.

असा प्रकल्प आंबिवलीसाठी पुढे आलाच, तर त्याच्या नकाशावर पायवाटा, बाके, खाद्यपदार्थांचे गाळे, नौकाविहाराचा धक्का हे सर्व रंगवून दाखविलेले असेल. जादा पाण्याची वाट सांडव्यापासून काळूच्या अथवा उल्हासच्या पात्रापर्यंत कोणकोणत्या गटांतून, कोणाच्या घरावरून जाते ती रेषा नकाशावर आहे काय, हे हरकती मागविल्या जातील त्या मुदतीत आपण पाहून घ्यावे.