संगणकाने 'चार्ज' कसा द्यावा?

शाळेचे मुख्य लिपिक निवृत्त होताना काय करतात, हे तुम्ही पाहिले असेल. कपाटांच्या किल्ल्या आणि जनरल रजिस्टर दुसऱ्याच्या हवाली केल्यावरच त्यांची सुटका होते. यालाच 'चार्ज देणे' म्हणतात. संगणकांनाही असा चार्ज द्यावा लागतो.

मोठ्या कचेरीत शेकडो संगणक एकमेकांना जोडलेले असतात. कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द बरोबर आहे की नाही, हे तपासणाऱ्या संगणकाला 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००० साली आणलेल्या 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या व्यवस्थेत असे कंट्रोलर सहसा दोन किंवा अधिक ठेवतात. प्रत्येकाजवळ खात्यांची तीच नोंदवही असते. एकीतला बदल थोड्याच वेळात दुसरीत उतरतो.

मग जुना कंट्रोलर सरळ बंद करून भंगारात काढला तर काय बिघडेल? बाकीचे कंट्रोलर त्याला हयातच समजतील आणि त्याच्याशी बोलण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत राहतील. शिवाय पाच खास कामे अशी आहेत, की त्यांतले प्रत्येक काम एका वेळी एकच कंट्रोलर करतो. क्रमांकांचे गठ्ठे वाटणे हे त्यांपैकी एक. दोन खात्यांना एकच क्रमांक मिळू नये, म्हणून बाकीचे कंट्रोलर त्याच्याकडून ५००-५०० क्रमांक घेतात. तो नाहीसा झाला तर आज कोणाला काही जाणवणार नाही. पण हातचे क्रमांक संपले, की नवे खाते उघडणे थांबेल!

म्हणून क्रम पाळावा लागतो. प्रथम दुसऱ्या कंट्रोलरची नोंदवही पूर्ण आहे, याची खात्री करायची. मग खास कामे त्याच्याकडे सोपवायची. इतर संगणक पत्ते विचारायला जुन्याकडे जात असतील, तर त्यांना नव्याकडे वळवायचे. त्यानंतर जुन्याला पदावरून उतरवायचे. तेव्हा तो उरलेले बदल इतरांना देतो आणि साधा संगणक बनतो. वीज बंद करायची ती सर्वांत शेवटी.

धड प्रत उरणे किती मोलाचे, हे जून २०१७ मध्ये दिसले. 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रोग्रॅमने मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे कंट्रोलर निकामी केले. घानातला एक मात्र वीज गेल्यामुळे बंद होता, म्हणून वाचला. त्याच एका प्रतीवरून कंपनीने आपली नोंदवही परत मिळवली.

तुमच्या शाळेच्या संगणकातील माहितीची दुसरी प्रत कोठे आहे? शिक्षकांना जरूर विचारा.