हात न लावता

सकाळी साडेनऊ. आयर्लंडमध्ये टिपररी काउंटीतल्या आमच्या क्लबच्या फाटकाशी मी घडीचं टेबल मांडते. जुलै असला तरी अंगात रेनकोट आहेच. आठवडाभर रजा टाकून ‘कूल कॅम्प’ या मुलांच्या क्रीडा शिबिराला मदत करायची, हा माझा उन्हाळा. ‘कूल’ म्हणजे आयरिश भाषेत गोल. इंग्रजीतल्या ‘कूल’शी जुळवलेला श्लेष मुलांना सांगावा लागत नाही. सहा ते तेरा वर्षांची मुलं, सोमवार ते शुक्रवार. माझ्याकडे हजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि डब्यांत काजू-दाणे नाहीत ना, ते बघणं. एवढ्यासाठीही आधी पोलीस पडताळणी झालीच.

पावणेदहा. हेल्मेट आणि हर्ली तपासायची. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात हेल्मेटशिवाय मैदानात पाऊल नाही. २०१० पासून मोठ्यांनाही ती सक्ती आहे. हर्ली म्हणजे अ‍ॅशच्या लाकडाची काठी, टोकाला पळीसारखी पसरट. झाडाच्या बुंध्याचा अगदी तळचा, मुळांकडे वळणारा भाग त्यासाठी घेतात, म्हणजे लाकडाचे रेशे मुळातच वाकलेले मिळतात. आयरिश नाव कमॉन, ‘वाकडा’ या अर्थाच्या शब्दावरून. मला ते नेहमी ‘कमान’च ऐकू येतं. नातं काही नाही, पण लक्षात राहतं. २०१२ मध्ये अ‍ॅशची झाडं मारणारा रोग या देशात सापडला. आता परदेशातून आणलेलं लाकूड, क्वचित बांबूही पोरांच्या हातात दिसतो.

दहा ते साडेअकरा गेलिक फुटबॉल. चेंडू हातात धरता येतो, त्यामुळे सगळे खूश. मग डबे. सँडविचांच्या रांगेत माझ्या लेकाचा पोळी-भाजीचा रोल, आणि त्यावर शेजाऱ्यांचा डोळा.

बारा वाजता खरी परीक्षा. हर्लिंगचा चेंडू, स्लिटर, आत बुचाचा आणि वर चामड्याचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. तो जमिनीवर असताना हात लावला की फाउल. काठीनंच उचलायचा. सांगलीत विटी-दांडू खेळलेल्या मला वाटलं होतं, यात काय! पण इथे टोला मारून उडवायचं नाही. गुडघे वाकवायचे, पाय चेंडूशेजारी, काठी जवळजवळ जमिनीला समांतर. चेंडू स्वतःकडे किंचित ओढून घ्यायचा, आणि तो लोळत येत असतानाच टोक त्याच्याखाली सरकवायचं. ओढणं आणि सरकवणं यांत पापणी लवण्याइतकाच वेळ.

शिकवणारी पोरगी एकोणीस वर्षांची, कॅमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग. मुलं तिला नुसत्या नावानं हाक मारतात, ना ताई ना बाई. मला अजून ते खटकतं. ती मात्र चिखलात गुडघे टेकून एकेकाचा अंगठा काठीवर नीट बसवते. शिबिराचे थोडे पैसे तिला मिळतात. काउंटीकडून खेळली तर पगार नाही. क्रोक पार्क स्टेडियमवर ८२ हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारेही हौशीच, त्यांची पोटापाण्याची नोकरी वेगळी.

माझा लेक सात वर्षांचा. अकरा वेळा चेंडू सुटला. मी टेबलावरून ओरडले, “अरे, हळू!”

“आई, तू नको ना सांगूस!”

दीड वाजता छोटे सामने. लहानांच्या सामन्यात गुण लिहायचे नाहीत, सगळ्यांना खेळायला मिळालं पाहिजे. फळ्यावर शून्य असतं. पोरांच्या डोक्यात मात्र जाळ्यातल्या गोलाचे तीन आणि आडव्या दांडीवरून गेलेल्याचा एक, असा चोख हिशेब चालू असतो.

अडीच. पालकांची सही घेतल्याशिवाय मूल सोडायचं नाही. तीनपर्यंत मैदान रिकामं. मागे एक पाण्याची बाटली, एक मोजा, एक चेंडू आणि एक हर्ली. नाव नाही, मुठीच्या पट्टीवर दातांच्या खुणा.

लेक गाडीत बसला होता. मी इकडेतिकडे बघितलं, गुडघे वाकवले, चेंडू ओढला, टोक सरकवलं. चेंडू उडाला, पण पुढे, थेट गाडीखाली. तो काढायला ओल्या डांबरावर आडवं पडून हातच घालावा लागला.

“फाउल!” खिडकीतून आवाज आला.